पाठमोरी कादी

नव्हेर, १२ नोव्हेंबर १८५७

प्रिय ओनोरीन,

अगं बाई, काय उंच झालीय आपली कादी! नोव्हेंबरचं फॅशनचं मासिक काल नोटरीणबाईंच्या घरी आलं. मी त्यांच्या मुलीचा झगा द्यायला गेले होते. "झेली, हा जांभळा झगा मला अस्साच शिवून हवा," म्हणून त्यांनी पान पुढे केलं. मी कसली बघतेय जांभळा झगा! त्याच्या शेजारी हातात फुलांची परडी घेऊन जी मुलगी तू काढली आहेस, तिच्यावरून माझी नजर हलेना. परकराची किनार गुडघ्याखाली उतरली की मी समजते, पोर वाढली. यंदा ती पार पोटरीपर्यंत आलीय. नोटरीणबाईंना वाटलं, मी टाके मोजतेय.

अकरा वर्षं झाली, ताई. माझी मुलगी तुझ्या घरात वाढतेय आणि मला धर्ममाता म्हणून ओळखते. तिची आई देवाघरी गेली असं आपण तिला सांगून ठेवलंय. लग्नाआधीचं मूल घेऊन या गावात मी एक रुमालसुद्धा शिवू शकले नसते, म्हणून सांगितलं. आता मला ते गिळवत नाही.

आता ऐक, आणि हसू नकोस. चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानाचे मस्यू फूक्रिए आहेत ना, विधुर, ढेरपोटे, त्यांनी मला मागणी घातलीय. माणूस साधा आहे. मी ठरवलंय, त्यांना सगळं सांगायचं. हो म्हणाले तर मे महिन्यात चर्चमध्ये कादीच्या पहिल्या प्रसादाच्या विधीला मी पॅरिसला येईन. तिचा पांढरा झगा मीच शिवणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. चर्चमधून बाहेर आलो की तिला सांगेन, मी तुझी आई. आणि घरी घेऊन येईन.

तुझी
झेली

*

पॅरिस, २८ नोव्हेंबर १८५७

प्रिय झेली,

तुझं पत्र कादीला वाचून दाखवलं, गाळायचं ते गाळून. ढेरपोट्याचं मात्र ठेवलं. तेव्हापासून ती उशी पोटाला बांधून घरभर भांडी विकत हिंडतेय.

आमच्या घरात सध्या वसंत ऋतू आहे. बाहेर नळाचं पाणी गोठतंय आणि मी मलमलीचे झगे काढतेय. चित्र पत्र्यावर कोरणाऱ्याला वेळ हवा, छापणाऱ्याला हवा, रंगवणाऱ्या बायकांना हवा, म्हणून आम्हाला नेहमी एक ऋतू पुढे जगावं लागतं. कपड्यांच्या दुकानाची पेटी सकाळी येते, संध्याकाळी कपडा जसाच्या तसा परत. तोवर कादीनं तो घालून खोक्यावर उभं राहायचं. रेशीम-मलमल घरात असताना शेगडी पेटवायची नाही, असा दुकानाचा हुकूमच आहे. काजळी बसली तर झगा आमच्या गळ्यात. मी दोन शाली पांघरून काढते. तिला शाल देता येत नाही, मग ती बडबड करून ऊब आणते.

काल म्हणाली, "मावशी, श्रीमंतांच्या मुलींचं नाक खाजत नाही का गं कधी?" मी म्हटलं, हलू नकोस. "आणि तू सगळ्या बायकांना एकच तोंड का देतेस? एकीला तरी जरा म्हातारी कर." आता काय सांगू तिला? संपादक मस्यू पेर्द्रिझे यांना म्हातारी चालत नाही. पुढेमागे कुणी ही पानं उलटून पाहिली, तर त्याला वाटेल की या शहरात कुणाला शिंक येत नव्हती, कुणी पायऱ्या चढून दमत नव्हतं आणि चिखल तर नव्हताच.

फूक्रिएंना सांगायची घाई करू नकोस. गाव खायला उठेल. एकदा बोललेलं परत घेता येत नाही. नीट विचार कर.

तुझी
ओनोरीन

*

पॅरिस, ४ जानेवारी १८५८

प्रिय झेली,

तुझे लोकरीचे मोजे पोचले. नवीन वर्षाच्या शुभेच्छाही पोचल्या. कादी सध्या लिहू शकत नाही, रागावू नकोस. इथे थंडी फार आहे आणि कामही पुष्कळ आहे. तू तब्येतीला जप.

ओनोरीन

*

नव्हेर, ९ फेब्रुवारी १८५८

प्रिय ओनोरीन,

तुझं पत्र आहे की दुकानाची पावती? इतकं कोरडं! आणि त्या भवानीला सांग, मोजे विणताना माझे डोळे गेले, दोन ओळी खरडल्या असत्या तर बोटं झिजली नसती. असो. फेब्रुवारीचं पान बघितलं आणि सगळा राग पळाला.

काय गाल आहेत गं तिचे! गुलाबी मलमलीच्या झग्यात उभी आहे, हनुवटी वर, गाल लालबुंद, डोळे कसे चकाकताहेत. आजवर तू तिला इतकी तेजस्वी काढली नव्हतीस. मी नोटरीणबाईंना म्हटलंसुद्धा, पॅरिसची हवा वाईट म्हणतात ते सगळं खोटं. मासिकातून ते पान मी मागून घेतलं आणि पलंगाजवळ लावलंय.

आता मोठी गोष्ट. मी सांगितलं. आधी फूक्रिएंना सांगितलं, त्यांच्या दुकानात, सुरया आणि बशांच्या मध्ये उभी राहून. बोलताना हातातली बशी मी इतकी गरगर फिरवत होते की ते म्हणाले, "आधी ती बशी खाली ठेवा." ती त्यांनी उचलून फळीवर लावली. मग म्हणाले, "दुकानावरची खोली रिकामीच आहे. पोरीला जिना चढायला त्रास नाही ना?" ओनोरीन, मी तिथेच रडले.

मग वाटलं, एवढं झालं तर बाकी कशाला लपवायचं? पाद्रीबाबांना सांगितलं, नोटरीणबाईंना सांगितलं. त्या दिवशीच त्यांनी अर्धा शिवलेला जांभळा झगा नोकराकरवी परत मागवला. डॉक्टरीणबाई आता रस्ता ओलांडून पलीकडून जातात. निम्मी गिऱ्हाइकं गेली. गेली तर गेली! मे महिन्यात माझी मुलगी माझा हात धरून याच रस्त्यानं चालेल, मग बघत बसू देत.

झग्यासाठी तिचं माप पाठव.

तुझी
झेली

*

पॅरिस, २४ फेब्रुवारी १८५८

प्रिय झेली,

हे काय करून बसलीस? मी तुला थांब म्हटलं होतं. सगळ्या गावाला सांगायची काय गरज होती?

मे महिन्याची एवढी घाई कशाला? पहिला प्रसाद पुढच्या वर्षीही होतो. मुली बाराव्या वर्षी घेतातच. फूक्रिएंबरोबर आधी तुझा संसार नीट बसू दे, गिऱ्हाइकं परत येऊ देत. मी तुझ्या पाया पडते, जरा थांब. माप नंतर पाठवते.

ओनोरीन

*

नव्हेर, १४ मार्च १८५८

ओनोरीन,

मार्चच्या पानावर कादी पाठमोरी उभी आहे. मी म्हटलं, असेल, बाईच्या झग्याचं तोंड या बाजूला म्हणून पोरीची पाठ. पण काल फूक्रिएंनी एका जुन्या गिऱ्हाइकाकडून बायकांचं दुसरं मासिक आणलं, ज्याला तू अधूनमधून चित्रं देतेस. त्यातही पाठमोरीच. केसांची रिबीन, मान, फितीची गाठ. तोंड नाहीच.

तू तिला सांगितलंस ना? आई जिवंत आहे आणि तिनं तुला अकरा वर्षं दुसऱ्याच्या दारात ठेवलं, असं काहीतरी तिच्या कानात घातलंस. म्हणून ती मला पत्र लिहीत नाही. म्हणून माझ्याकडे पाठ करून उभी राहते. तिला ठाऊक आहे, मी ही पानं बघते ते.

की तुला तिला सोडवत नाही? खरं बोल. ती गेली तर खोक्यावर उभं कोण राहणार? फुकट मिळालेलं पोर, थंडीत उभं करायला बरं! मी हे लिहायला नको होतं. पण लिहिलं, आता खोडत नाही.

खाली तिच्यासाठी चार ओळी लिहिते, त्या न गाळता वाचून दाखव.

कादी, माझ्या बाळा, माझ्यावर रागव, मार हवं तर, पण एकदा इकडे वळ. मी येतेय.

आणि माप पाठव. दोरी घेऊन, नीट अंगावर धरून घे, अंदाजानं नको. मुंढा, बाही, कंबर, पाठीची लांबी, सगळं.

झेली

*

पॅरिस, २७ मार्च १८५८

झेली,

मी तिला काही सांगितलेलं नाही. यंदा फितीची मोठी गाठ मागच्या बाजूला बांधायची चाल आहे, ती दिसायला हवी म्हणून मुलगी पाठमोरी. पेर्द्रिझेंचा तसा हुकूम आहे. एवढंच.

ती तुझ्यावर रागावलेली नाही, एवढं मी तुला शपथेवर सांगते.

माप सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

ओनोरीन

*

नव्हेर, ११ एप्रिल १८५८

ओनोरीन,

ही मापं कुणाची आहेत?

मलमल महाग, म्हणून नेहमीप्रमाणे आधी मांजरपाटाचा कच्चा झगा बेतला. कापताना हात अडखळला, पण म्हटलं आपली ताई चित्रं काढते, शिवत नाही, बोटभर इकडेतिकडे होणारच. कच्चे टाके घालून शिवणाच्या पुतळ्यावर चढवला. मग लांब जाऊन बघितलं.

अशा अंगाची मुलगी कुठे नसते. हात गुडघ्यापर्यंत येतात. कंबरेत माझी मूठ जेमतेम शिरते. मान एवढी लांब की गळपट्टी बसवायला जागाच सापडेना. आधी वाटलं, पोर आजारी आहे, खंगलीय, म्हणून तू लपवतेस. पण आजारानं माणूस बारीक होतं, हात लांब होत नाहीत. मग फेब्रुवारीचं पान पलंगाजवळून काढलं आणि पुतळ्याशेजारी धरलं. तेच हात, तीच कंबर. संपादकांना आवडतं तसलं अंग.

तू चित्राचं माप घेतलंस, ओनोरीन. तिच्या अंगाला दोरी लावली नाहीस. का लावली नाहीस? मुलगी घरात आहे, दोरी घरात आहे, मग चित्रावरून का घेतलंस?

फूक्रिए म्हणतात, मी उगाच घाबरतेय. त्यांना शिवणातलं काही कळत नाही. मी तो झगा पुतळ्यावरून काढला नाही, त्याच्याकडे पाठ करून हे लिहितेय.

माझी मुलगी कुठे आहे?

झेली

*

पॅरिस, १४ एप्रिल १८५८

झेली,

कादी नाताळाच्या आधी गेली. घटसर्पानं.

दुकानाची पेटी आली होती, तोच गुलाबी मलमलीचा झगा. कादी म्हणाली, "मावशी, घसा दुखतोय." मी म्हटलं, हनुवटी वर, एवढं होऊ दे. शेगडी पेटवली नव्हती. तिचे गाल लाल झाले, तर मला वाटलं, बरं झालं, आज मेहनत न करता रंग मिळाला. नमुन्याच्या पानावर मी तो लाल रंग दिला आणि रंगवणाऱ्या बायकांनी तो हजारो पानांवर उतरवला. संध्याकाळी तिला गिळता येईना. डॉक्टर आले तेव्हा घशात पांढरं कातडं धरलं होतं.

शेवटी तिनं तुझं नाव घेतलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. घेतलं नाही. तिला तू कोण हे ठाऊक नव्हतं. तिनं पाणी मागितलं आणि ते तिला पिता आलं नाही.

जानेवारीत तुला लिहायला बसले होते. समोर तुझे मोजे होते, आणि मे महिन्याचं तुझं सगळं बोलणं. मोजे पोचले, एवढंच लिहिता आलं. मग तू गावाला सांगितलंस. मग आणखीच अवघड झालं. मी भित्री आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, पण तू यासाठी तुझं गाव गमावलंस आणि मी गप्प बसले, याला भित्रेपणा हा शब्द पुरत नाही.

पानावर मूल हवंच, असं संपादक म्हणतात. मी बसायचे तिचं तोंड काढायला. हात चालायचा नाही. म्हणून पाठमोरी केली. मापं मात्र हवी होती. तिची उंची ठाऊक होती, बाकीची चित्रावरून गुणून काढली. मला वाटलं, जुळतील.

माँमार्त्रच्या दफनभूमीत आहे, गरिबांच्या सामाईक चरात. लाकडी क्रूसावर नाव घातलंय.

ओनोरीन

*

नव्हेर, ३० मे १८५८

ओनोरीन,

मी पॅरिसला येऊन गेले. क्रूस सापडला. नंतर तुझ्या गल्लीत आले, खालून वर पाहिलं. तुझ्या खिडकीत एक लहान मुलगी हात वर धरून उभी होती. कुणाची आहे ते मला नको सांगू. मी जिना चढले नाही. चढले असते तर काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही. त्या पोरीला थंडी वाजू देऊ नकोस.

फूक्रिए वाईट नाहीत. माझ्याबरोबर रडले. पण आठवड्यानं म्हणाले, "झेली, आता झालं ते झालं. देवानंच गाठ सोडवली म्हणायची. लोक हळूहळू विसरतील. तुम्ही काळं घालू नका. कुणी विचारलं तर दूरची भाची होती, असं आपण म्हणू." त्यांना खरंच वाटत होतं, ते माझ्या भल्याचं बोलताहेत.

मी काळं घातलं. पूर्ण काळं, आई मुलीसाठी घालते तसं, जाळीच्या बुरख्यासकट. स्वतःच शिवलं. रविवारी चर्चच्या पायरीवर नोटरीणबाई पुढे आल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दुखवटा कुणाचा?" मी म्हटलं, "माझ्या मुलीचा." मोठ्यानं म्हटलं. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं. फूक्रिए खाली बघत उभे होते. लग्न आता होणार नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुला मी क्षमा करू शकत नाही. प्रयत्न केला, जमत नाही. तरी तुला एक गोष्ट मागायची आहे, कारण ती दुसऱ्या कुणाकडे नाही.

तुझी सगळी पानं मी खोलीत मांडली. मखमल आहे, लेस आहे, रेशमी छत्री आहे. एका पानावरही तिचा स्वतःचा कपडा नाही. सगळे संध्याकाळी दुकानात परत गेलेले. मी यायचे तेव्हा तू तिला रविवारचा झगा घालायचीस, आणि तो शेजारणीच्या मुलीचा, हे पोरीनंच मला सांगितलं होतं. गावभरच्या मुलींच्या अंगावर काय आहे हे मला ठाऊक, माझ्या मुलीच्या अंगावर रोज काय असायचं ते ठाऊक नाही. ते लिही. चित्र नको, शब्दांत लिही. गोड करू नकोस.

झेली

*

पॅरिस, ५ जून १८५८

झेली,

तपकिरी लोकरीचा झगा. माझ्या जुन्या परकरातून कापलेला, म्हणून पुढे एक जोड होता आणि तिथला रंग गडद दिसायचा. उजव्या कोपरावर ठिगळ. तपकिरी दोरा संपला होता, तर मी निळ्यानं शिवलं. तिला ते आवडायचं, बोटानं टाके चाचपत बसायची. गळ्याशी एक बटण नव्हतं, तिथे टाचणी. पोटावर रंगांचे डाग होते. माझे ब्रश धुताना ती झग्याला पुसायची, मी ओरडले की डावीकडे पुसायचं सोडून उजवीकडे पुसायची.

वरून पोत्याच्या कापडाचा एप्रन, दोन खिसे. एकात खडू असायचा, दुसऱ्यात पावाचा कडक तुकडा. पायात पंपाशेजारच्या दुकानातले लाकडी बूट, आत गवत घातलेले. तुझे मोजे ती गेल्यावर आले.

नोव्हेंबरात ती झपाट्यानं वाढली. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर आल्या, हात लालसर दिसायचे. ती म्हणाली, "मावशी, एवढ्या बाह्या वाढव ना." मी म्हटलं, नाताळ होऊ दे, हातातलं काम संपू दे. वाढवल्या नाहीत.

त्याच झग्यात पुरलं. तिच्याकडे दुसरा नव्हता.

ओनोरीन